कावळा बसला आणि फांदी मोडली

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. शनिवारची रात्र, साधारण साडेअकरा. चाकणच्या बाजूला आमच्या एका क्लायंटचं मोठं गोडाऊन आहे. तिथल्या यूपीएसच्या बॅटऱ्या बदलायचं काम होतं. रीतसर परवानगी घेतलेली, मेल गेलेले, सगळं काही व्यवस्थित. यूपीएसवाल्या कंपनीचा एक मुलगा, वय असेल बावीस-तेवीस, त्याने रॅकचा पुरवठा बंद केला, वीस मिनिटांत बॅटऱ्या बदलल्या आणि परत बटण दाबलं. सर्व्हर आले. राउटर आला. अठ्ठेचाळीस पोर्टचा मुख्य स्विच मात्र आला नाही. त्याचा हिरवा दिवा लुकलुकायचा, विझायचा, परत लुकलुकायचा. आतून बारीक टिक... टिक... असा आवाज.

मी घरून फोनवर होतो. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "तू नक्की काय केलंस?"

तो बिचारा म्हणाला, "साहेब, मी फक्त बटण बंद केलं आणि चालू केलं."

सोमवारी सकाळपर्यंत दुसरा स्विच पोचला, पण तोवर गोडाऊनमधून एकही गाडी निघाली नव्हती. मग नेहमीप्रमाणे आरसीए, म्हणजे 'असं का झालं' याचा अहवाल, लिहायची वेळ आली. मी लिहिलं: यूपीएसच्या कामाच्या वेळी वीजपुरवठा अयोग्य पद्धतीने बंद-चालू केल्यामुळे स्विच निकामी झाला. हे वाक्य लिहायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. त्या वाक्यावर यूपीएसवाल्यांचं बिल कापलं गेलं आणि त्या मुलाला साइटवर यायला बंदी झाली.

ते वाक्य चुकीचं होतं. कसं, ते शेवटी सांगतो. पण ते चुकीचं निघाल्यावर माझ्या डोक्यात एक किडा शिरला. बंद केलेलं यंत्र परत सुरू झालं नाही की आपण बंद करणाऱ्याला धरतो, हे कधीपासून चाललंय? आणि खरं कारण शोधायला माणसं कधी, कशी शिकली? त्यासाठी बरंच वाचलं. हा लेख म्हणजे त्या वाचनाचा हिशोब.

*

सुरुवात पार १८५८ पासून करू. त्या वर्षी ५ ऑगस्टला आयर्लंड आणि न्यूफाउंडलंड यांच्यामध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिग्राफ केबल जोडली गेली. त्या काळाच्या मानाने हे केवढं मोठं नेटवर्क! राणी व्हिक्टोरियाचा शंभरेक शब्दांचा संदेश अमेरिकेला पोचायला सोळा तासांच्या आसपास लागले, पण पोचला. लोकांनी फटाके उडवले. आणि काही आठवड्यांतच केबल मुकी झाली.

कंपनीचा मुख्य विद्युततज्ज्ञ होता वाइल्डमन व्हाइटहाउस. हा पेशाने शल्यचिकित्सक, विजेचा नाद स्वतःच्या हौसेने लागलेला. सिग्नल क्षीण येतोय म्हटल्यावर त्याने केबलला सुमारे २००० व्होल्टचे झटके दिले. विल्यम थॉमसन (हेच पुढे लॉर्ड केल्विन झाले) यांचं म्हणणं उलट होतं: दाब कमी ठेवा आणि समोरच्या टोकाला अधिक संवेदनशील मापक लावा. व्हाइटहाउसने ऐकलं नाही. कंपनीने त्याला काढलं आणि पुढे झालेल्या चौकशीत खापर मुख्यतः त्याच्यावर फुटलं.

आता तो निर्दोष होता असं मी म्हणत नाही. पण केबल मुळातच सदोष होती. तिच्यातली तांब्याची तार आवरणाच्या बरोबर मध्ये नव्हती, काही ठिकाणी एका बाजूला सरकलेली. गटापर्चाचं ते आवरण, केबल समुद्रात टाकण्याआधी उघड्यावर उन्हात पडून खराब झालं होतं. म्हणजे केबल जमिनीवर होती तेव्हाच आजारी होती. व्हाइटहाउसने तिचं मरण जवळ आणलं, एवढंच. पण शेवटचा हात त्याचा होता.

आपल्याकडे म्हण आहे ना, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. व्हाइटहाउस चांगला वजनदार कावळा होता हे मान्य, पण फांदी आधीच पोखरलेली होती.

*

पुढचा माणूस माझा विशेष आवडता आहे: टॉमी फ्लॉवर्स. ब्रिटिश पोस्ट खात्याचा इंजिनिअर, लंडनजवळ डॉलिस हिलच्या संशोधन केंद्रात काम करायचा. तेव्हा टेलिफोनही पोस्ट खात्याकडेच असायचे. १९३० च्या दशकात फ्लॉवर्स लांब पल्ल्याच्या टेलिफोन लाइनींसाठी व्हॉल्व्हवर चालणारी उपकरणं बनवत होता. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे, आत तार तापून लाल होणारे. त्या काळी सगळे म्हणायचे की व्हॉल्व्हवर भरवसा ठेवू नये, ते सारखे जातात. चार-पाच व्हॉल्व्हचा रेडिओ ठीक, पण शेकड्यांनी व्हॉल्व्ह लावलेलं यंत्र एक दिवससुद्धा चालणार नाही.

फ्लॉवर्सच्या एक गोष्ट लक्षात आली होती. व्हॉल्व्ह चालता चालता फारसे जात नाहीत. ते जातात चालू-बंद करताना. रेडिओ रोज संध्याकाळी लावतात आणि रात्री बंद करतात, म्हणून त्याचे व्हॉल्व्ह जातात. टेलिफोन एक्स्चेंज कधीच बंद होत नाही, म्हणून तिथले टिकतात.

यात गूढ काही नाही. जुना पिवळा बल्ब आठवा. बल्ब जळत असताना गेलाय असं क्वचित पाहिलं असेल. बहुतेक वेळा बटण दाबलं, 'फट्' झालं आणि गेला. कारण गार तारेचा रोध तापलेल्या तारेच्या दहा-पंधरापट कमी असतो. त्यामुळे पहिल्या क्षणी नेहमीच्या कितीतरी पट करंट आत घुसतो. तार एखाद्या ठिकाणी झिजून बारीक झाली असेल तर तेवढी जागा सगळ्यात आधी तापते आणि वितळते. पण तार झिजली होती ती महिनोन्महिने जळून. बटण दाबणाऱ्याने ती झिजवली नाही.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांचे गुप्त संदेश फोडण्यासाठी ब्लेचली पार्कला वेगवान यंत्र हवं होतं. फ्लॉवर्स म्हणाला, मी व्हॉल्व्हचं बनवून देतो. लोकांनी शंका काढली, इतके व्हॉल्व्ह टिकणारच नाहीत. त्याचं उत्तर सरळ होतं: बंदच करू नका, टिकतील. त्याचं 'कोलोसस' १९४४ च्या सुरुवातीला ब्लेचली पार्कला सुरू झालं. पहिल्या यंत्रात सुमारे १६०० व्हॉल्व्ह होते आणि ते टिकले. हे सगळं गुपित असल्यामुळे जगाला पुढची तीस वर्षं पत्ता नव्हता. १९४६ मध्ये अमेरिकेत 'एनिअ‍ॅक' जाहीर झाला. त्यात सुमारे १८,००० व्हॉल्व्ह होते. त्या लोकांनाही स्वतंत्रपणे तोच धडा मिळाला: व्हॉल्व्ह जातात ते मुख्यतः यंत्र तापताना आणि गार होताना, तेव्हा शक्यतो चालूच ठेवा.

आपल्या धंद्यातला 'चालतंय ना, मग हात लावू नकोस' हा मंत्र इतका जुना आहे. तो आळसातून आलेला नाही. पण त्या मंत्राची एक किंमत असते, तिच्याकडे नंतर येतो.

*

आता १९६९. आज ज्याला आपण राउटर म्हणतो त्याचे पणजोबा, आयएमपी. 'अर्पानेट'साठी ही यंत्रं बनवायचं कंत्राट केंब्रिज, मॅसॅच्युसेट्सच्या बीबीएन या कंपनीकडे होतं, आणि टीमचा प्रमुख होता फ्रँक हार्ट. हनीवेलचा डीडीपी-५१६ हा मिनीकॉम्प्युटर घेऊन त्यांनी तो कामाला लावला. लष्करी पद्धतीचं जाड लोखंडी कपाट, उचलायला वर कड्या, वजन ९०० पौंडांच्या वर. पहिला आयएमपी १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात पोचला.

एवढं मजबूत कपाट कशासाठी? तर हार्टला विद्यापीठातल्या उचापती विद्यार्थ्यांची धास्ती होती :) यंत्र कुणाच्याही देखरेखीशिवाय, शेकडो मैलांवर, अनोळखी लोकांच्या खोलीत चालणार होतं. काही बिघडलं तर बोस्टनहून माणूस विमानाने पाठवायचा का?

म्हणून त्यांनी सुरू होण्याचा प्रश्न आधीच विचारात घेतला. मला वाटतं नेटवर्कच्या इतिहासात हे इतक्या पद्धतशीरपणे पहिल्यांदाच झालं. वीज जाऊन परत आली की आयएमपी आपणहून पुन्हा सुरू व्हायचा. त्याची मेमरी चुंबकीय कोअरची असल्याने वीज गेली तरी आतला प्रोग्राम पुसला जात नसे. प्रोग्राम कुठेतरी अडकून बसला तर 'वॉचडॉग टायमर' त्याला जागं करायचा. प्रोग्रामच बिघडला तर तो शेजारच्या आयएमपीकडून लाइनीवरून परत भरून घ्यायचीही सोय पुढे झाली. घरातली साखर संपली की शेजारून वाटीभर आणतो, तसंच.

त्याहून महत्त्वाची गोष्ट दुसरी. प्रत्येक आयएमपी ठरावीक वेळाने बीबीएनच्या नियंत्रण केंद्राला आपला हालहवाल कळवायचा. आपल्याला शेजाऱ्याचा आवाज येतोय की नाही, हेसुद्धा त्यात असायचं. त्यामुळे एखादा आयएमपी गप्प झाला तरी त्याच्याबद्दल अंदाज बांधता यायचा. एकाच शेजाऱ्याची लाइन मेली असेल तर दोष बहुधा लाइनीत. सगळ्याच शेजाऱ्यांना त्याचा आवाज येत नसेल तर तो स्वतःच बंद. टेलिफोन कंपनीची लाइन तुटलीय हे टेलिफोन कंपनीच्या आधी बीबीएनला कळायचं, आणि टेलिफोनवाल्यांना सुरुवातीला ते खरंच वाटायचं नाही.

बंद पडलेलं यंत्र स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही. त्याच्या वतीने कुणीतरी साक्ष द्यावी लागते, आणि त्या साक्षीची सोय आधी करून ठेवावी लागते. हे त्या टीमला १९६९-७० च्या सुमारास उमगलं होतं. माझ्या आरसीएमध्ये साक्षीदार एकही नव्हता. फक्त आरोपी होता.

*

इथे थोडं आत शिरावं लागेल, स्विचच्या पॉवर सप्लायमध्ये. इंजिनिअरिंगला बेसिक इलेक्ट्रॉनिक्समध्ये कसेबसे पास झालेल्यांनीही घाबरू नये, मीही त्यातलाच.

भिंतीतून २३० व्होल्ट एसी येतो. तो सरळ केला की साधारण ३२५ व्होल्ट डीसी होतो. त्याचे बारीक तुकडे करून हवा तो १२ व्होल्ट बनवणारी एक चिप असते. १९८० च्या दशकापासून प्रचंड वापरली गेलेली अशी एक चिप म्हणजे यूसी३८४२. पण त्या चिपलाही चालायला वीज लागते, आणि ती येणार कुठून? सप्लाय चालू झाला की ट्रान्सफॉर्मरच्या एका जादा वेटोळ्यातून तिला वीज मिळते. पण सप्लाय चालू होण्यासाठी आधी चिप चालू व्हायला हवी. अंडं आधी की कोंबडी!

यावर तोड अशी: एका मोठ्या रेझिस्टरमधून थेंब थेंब करंट एका छोट्या कॅपॅसिटरमध्ये भरायचा. माठात पाणी साठवतो तसं. व्होल्टेज १६ ला पोचलं की चिप जागी होते आणि काम सुरू करते. आता तिला एकदम जास्त करंट लागतो, तो थेंब थेंब येणाऱ्या धारेतून पुरणार नाही. म्हणून ती माठातलं साठलेलं वापरते. व्होल्टेज १० च्या खाली जायच्या आत जादा वेटोळ्यातून वीज यायला लागली तर झालं, गाडी सुरू. नाही आली तर चिप परत झोपते, माठ परत भरतो, १६ होतात, चिप उठते, परत झोपते...

दिवा लुकलुकतोय आणि टिक-टिक आवाज येतोय, तो असा.

सोपा हिशोब करून पाहा. माठ ४७ मायक्रोफॅरडचा आहे आणि चिप सुरू होताना २० मिलिअँपिअर खाते असं धरू. १६ वरून १० वर यायला सुमारे १४ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात काम होतं. पण कॅपॅसिटर सुकून ५ मायक्रोफॅरडचा उरला असेल तर? जेमतेम दीड मिलिसेकंद. संपलं.

आणि तो सुकतोच. या कॅपॅसिटरमध्ये द्रव असतो, तो उष्णतेने हळूहळू उडून जातो. साध्या कॅपॅसिटरवर १०५ अंशाला २००० तास असं आयुष्य लिहिलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. म्हणजे ६५ अंशाला ३२,००० तास. भागून पाहा, साडेतीन-पावणेचार वर्षं होतात. गोडाऊनच्या बंद रॅकमध्ये, तापणाऱ्या भागांना खेटून बसलेल्या कॅपॅसिटरला ६५ अंश म्हणजे काही विशेष नाही.

आता खरी गंमत बघा. माठाचं हे मोठं काम फक्त सुरू होताना असतं. एकदा सप्लाय चालू झाला की वेटोळं सतत वीज देतं, माठ सुकला तरी बऱ्याचदा कुणाला कळतही नाही. स्विच महिनोन्महिने धडधाकट दिसतो. दिवे हिरवे, पिंग व्यवस्थित, मॉनिटरिंगवर सगळं छान. पण आता तो असा स्विच आहे की जो एकदा बंद झाला तर परत सुरू होणार नाही. फक्त हे कुणाला माहीत नाही, कारण त्याला कुणी बंदच केलेलं नाही.

फ्लॉवर्सच्या मंत्राची किंमत ती हीच. कधीच बंद न करण्याने यंत्र टिकतं, आणि त्याचं दुखणंही झाकलं जातं.

*

असं झाकलेलं दुखणं एखाद-दुसऱ्या स्विचपुरतं असतं तर गोष्ट वेगळी. पण गेल्या पंचवीस वर्षांत ते तीनदा घाऊक प्रमाणात बाहेर आलं.

पहिल्यांदा 'कॅपॅसिटर प्लेग'. साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं, विशेषतः काही तैवानी कंपन्यांचे कॅपॅसिटर अकाली फुगून फुटायला लागले. मदरबोर्ड, पॉवर सप्लाय, मोडेम, स्विच, सगळीकडे. डोकं फुगलेलं, वर तपकिरी द्रव आलेला. पाण्याचं प्रमाण जास्त असलेल्या द्रवात धातू गंजू नये म्हणून घालायची रसायनं नीट नव्हती, त्यामुळे आत हायड्रोजन वायू तयार व्हायचा. चोरून आणलेलं सूत्र अर्धवट होतं, अशी एक हेरकथाही तेव्हा सांगितली गेली. २००५ मध्ये एकट्या डेल कंपनीने अशा दुरुस्त्यांसाठी ३० कोटी डॉलर बाजूला काढले. यातली एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे: सकाळी गार असताना यंत्र सुरू होत नाही, आणि हेअर ड्रायरने जरा शेकलं की सुरू होतं. खराब कॅपॅसिटरचा अंतर्गत रोध थंडीत वाढतो आणि उबेने कमी होतो, म्हणून.

दुसऱ्यांदा २०१४. सिस्कोने जाहीर केलं की एकाच पुरवठादाराने २००५ ते २०१० मध्ये बनवलेल्या मेमरीच्या काही चिप त्यांच्या काही उत्पादनांत खराब होत आहेत. दोषाचं रूप अगदी नमुनेदार होतं: यंत्र चालू आहे तोवर काही त्रास नाही, पण बंद करून परत चालू केलं की सुरूच होत नाही. सिस्कोने त्यापोटी ६५.५ कोटी डॉलरचा खर्च धरला.

तिसऱ्यांदा २०१७. फेब्रुवारीत सिस्कोने परत एक सूचना काढली, या वेळी घड्याळाचा सिग्नल देणाऱ्या एका भागाबद्दल. साधारण अठरा महिने वापर झाल्यावर बिघाड सुरू होऊ शकतो, आणि एकदा बिघडलं की यंत्र बूट होणार नाही, दुरुस्तही होणार नाही. पुरवठादाराचं नाव त्यांनी दिलं नाही. पण त्याच सुमारास इंटेलने आपल्या अ‍ॅटम सी२००० प्रोसेसरच्या दोषांच्या यादीत एव्हीआर५४ ही नोंद घातली होती: घड्याळाचा एक सिग्नल बंद पडू शकतो आणि यंत्र सुरू होणार नाही. लोकांनी दोन्हींची सांगड घालायला वेळ लावला नाही. याच प्रोसेसरच्या सायनॉलॉजीच्या काही मेलेल्या डब्यांवर हौशी मंडळींनी साधारण १०० ओहमचा एक रेझिस्टर डकवून ते जिवंतही केले.

विचार करा, त्या वर्षांत जगभर किती रात्री, किती ठिकाणी, कुणीतरी फर्मवेअर अपग्रेड केल्यावर, यूपीएस बदलल्यावर, रॅक हलवल्यावर अशी यंत्रं 'मेली' असतील. आणि पहिला प्रश्न काय विचारला गेला असेल, ते तुम्हाला माहीत आहे.

*

आमच्या लहानपणी, म्हणजे २००५ ते २०१० च्या लोडशेडिंगच्या काळात, गावाकडे लाईट आली आणि टीव्ही लागला नाही की एकच निदान असायचं: "लाईट येताना झटका बसला." कधीकधी ते खरंही असतं. वीज परत येताना दाब उसळतो, आणि त्यात धडधाकट यंत्रंही जातात. पण ती खरी असण्याची शक्यता आहे म्हणून ती तपासायचीच नाही, असं थोडंच आहे?

तपासणं तसं अवघडही नाही. आधी त्याच सॉकेटला दुसरं काहीतरी लावून बघायचं. त्याच फेजवरची बाकीची यंत्रं नीट आली का, हे पाहायचं, कारण झटका सहसा एकट्यालाच शोधत येत नाही. बाहेरचा अ‍ॅडॉप्टर असेल तर नुसता मीटर लावून १२ व्होल्ट दिसले म्हणून खूश व्हायचं नाही, कारण लोड आल्यावर ते टिकतात का हा प्रश्न असतो. दिवा लुकलुकतोय की पूर्ण बंद आहे? पंखा फिरतो का? कन्सोल केबल लावून ९६०० वर एक तरी ओळ येते का? ओळ आली तर सप्लाय आणि प्रोसेसर निदान जागे आहेत, आणि शोध मेमरी किंवा फ्लॅशकडे वळवायचा. काहीच आलं नाही तर जादा मॉड्यूल काढून किमान सामानावर सुरू करून बघायचं.

आणि आयएमपीवाल्यांचा धडा: साक्षीदार. डीएसएल मोडेममध्ये, आणि आता घरोघरी फायबरच्या डब्यांतही, 'डाइंग गॅस्प' नावाची सोय असते. वीज गेल्याचं कळताच तो डबा कॅपॅसिटरमध्ये उरलेल्या चार्जवर एक शेवटचा निरोप पाठवतो: माझी वीज गेली. हा निरोप आला असेल तर वीज गेली, न येताच डबा गप्प झाला तर बहुधा काही वेगळंच आहे. मरतानाचा जबाब म्हणा हवं तर.

पण सगळ्यात उपयोगी गोष्ट मला वाटते ती वेगळी. ज्या यंत्राशिवाय चालणार नाही, ते आपण ठरवलेल्या वेळी, बदली यंत्र हाताशी ठेवून, वर्षातून एकदा मुद्दाम बंद-चालू करावं. नाहीतर ती परीक्षा कधीतरी रात्री साडेअकराला होतेच, आणि निकाल दुसऱ्याच कुणाच्या नावावर लागतो.

*

आता राहिलेली गोष्ट. तो मेलेला स्विच आठ-नऊ महिने माझ्या टेबलाखाली पडून होता, पाय ठेवायला बरा. एका शनिवारी तो उचलून तपकीर गल्लीत ओळखीच्या एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. (हे घरी करू नका. बंद केल्यावरही मोठ्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज राहू शकतो.) मी तोंड उघडायच्या आत त्यांनी प्लग लावला, टिक-टिक ऐकली आणि म्हणाले, "स्टार्टिंगचा कॅपॅसिटर गेलाय." करंगळीच्या नखाएवढा. दहा रुपयांचासुद्धा नाही. बदलला, आणि स्विच उठला.

मी विचारलं, "काका, लाईट चुकीची बंद केल्याने जाऊ शकतो का हा?"

"लाईटीने नाही, वयाने गेलाय," ते म्हणाले. "बंद केला नसता तर तुम्हाला कळलं नसतं, इतकंच."

मी स्विचचे जुने लॉग काढून पाहिले. तो बंद करायच्या आधी सलग चार वर्षं दोन महिने चालू होता. ही माहिती त्या रात्रीही माझ्याकडे होती. मी बघितली नव्हती.

सोमवारी क्लायंटला सुधारित आरसीए पाठवला. उत्तर एका ओळीचं आलं: तिकीट बंद झालेलं आहे. यूपीएसवाल्यांच्या ऑफिसात फोन करून त्या मुलाचा नंबर मिळवला. तो तिथली नोकरी सोडून दुसरीकडे लागला होता. मी सगळं सांगितलं, कॅपॅसिटर, काका, सगळं. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "साहेब, मी तेव्हाच सांगत होतो." तेवढंच. राग नव्हता त्यात, आणि मला तो असता तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून आमच्या टीमच्या अहवालात मी एक रकाना वाढवलाय. 'कारण' हा होताच, त्याच्या शेजारी आता 'निमित्त' आहे. लाईट गेली, बटण दाबलं, रॅक हलवला, हे सगळं आधी निमित्ताच्या रकान्यात जातं. तिथून ते कारणाच्या रकान्यात न्यायचं असेल तर पुरावा द्यावा लागतो. टीममधले वैतागतात, वेळ लागतो म्हणतात. लागू दे.

असो. बराच लांबला लेख. चहा गार झाला.